मर्यादा कोणी पाळावी?

घरगुती एस्प्रेसो यंत्राच्या खोक्यावर 15 बार हा आकडा ज्या ठसठशीत अक्षरांत छापलेला असतो, तितक्या ठसठशीतपणे त्या यंत्राचा दुसरा कोणताही गुण सांगितलेला नसतो. आणि मौज अशी, की यंत्र चांगले असेल तर त्यात घातलेल्या कॉफीला त्या 15 बारांचे दर्शन जन्मात घडत नाही. पंप 15 देऊ शकतो, कॉफीला 9 हवे असतात, आणि मधले 6 तिच्यापर्यंत पोहोचू नयेत एवढ्याचसाठी पंपाच्या लगत एक लहानशी पितळी झडप बसविलेली असते. विकणारा सामर्थ्याची जाहिरात करतो, रचणारा ते सामर्थ्य आवरण्याची तजवीज करून ठेवतो, आणि विकत घेणाऱ्याच्या कानी पहिली गोष्ट तेवढी पडते. मनुष्याने आपल्या राजांची, धनिकांची, किंबहुना आपल्या देवांचीही स्तुती बहुधा याच रीतीने केलेली आहे. ते काय काय करू शकतात याचा घोष मोठा, आणि शक्य असूनही काय करीत नाहीत याचा उच्चार क्वचित्.

9 बार म्हणजे सुमारे 92 मीटर उंचीच्या जलस्तंभाच्या तळाशी जेवढा भार असतो तेवढा दाब. आमच्या डहाणूकडचा मिस्त्री त्यालाच ‘नऊ किलो’ म्हणतो, आणि चौरस सेंटिमीटरमागे नऊ किलो असा त्याच्या बोलण्याचा अर्थ असल्यामुळे तो फारसा चुकतही नाही. हा आकडा कोणा ऋषीने ध्यानात पाहिलेला नाही. ट्युरिनच्या अँजेलो मोरिओन्दोने 1884 साली आणि मिलानच्या लुइजी बेझेराने 1901 साली ज्या यंत्रांचे पेटंट घेतले ती वाफेच्या जोरावर चालत, आणि वाफेचा जोर जेमतेम दीड बारापर्यंत जाई. त्याहून अधिक हवा तर पाणी अधिक तापवावे लागे आणि कॉफी करपे. पुढे अकिले गाजियाने उष्णता आणि दाब यांची फारकत केली. दुसऱ्या महायुद्धानंतर बाजारात आलेल्या त्याच्या यंत्रात दांडा ओढून स्प्रिंग आवळावयाची आणि ती सैल होताना दट्ट्याने गरम पाणी कॉफीतून लोटावयाचे अशी योजना होती. त्या स्प्रिंगेचा जोर 8 ते 10 च्या दरम्यान भरला, पेल्यावर तपकिरी साय आली, आणि ती लोकांना रुचली. 1961 मध्ये फाएमा कंपनीच्या ई-61 या यंत्राने दांड्याच्या जागी विजेचा पंप आणला तेव्हा त्या पंपालाही 9 च्याच आसपास राहावयास लावण्यात आले, आणि आज एस्प्रेसोची शुद्धाशुद्धता ठरविणारी इटलीतील संस्था 7 ग्रॅम पूड, 9 बार दाब आणि 25 सेकंद असे त्रिविध प्रमाण सांगते. म्हणजे हा आकडा शास्त्रार्थाने नव्हे, वहिवाटीने मुक्रर झाला. धर्मशास्त्रांतील पुष्कळ आकड्यांची जन्मकथा याहून वेगळी नसावी अशी माझी समजूत आहे. आणि त्यामुळे त्यांचे मोल कमी होते असेही मला वाटत नाही.

घरच्या यंत्रातील पंप मोठ्या उपाहारगृहातल्यासारखा फिरता नसतो. विद्युच्चुंबकाच्या वेटोळ्यात बसविलेला एक बोटाएवढा दट्ट्या आपल्याकडील 50 आवर्तनांच्या विजेवर सेकंदाला 50 वेळा मागेपुढे धावतो आणि प्रत्येक धावेत पाण्याचा एक कण पुढे ढकलतो. समोरची वाट मोकळी असेल तर तो मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक पाणी सोडतो आणि त्या वेळी दाब जवळजवळ शून्य असतो. वाट पुरती बंद केली तर पाणी शून्य आणि दाब 15 च्या घरात जातो. यावरून जी गोष्ट ध्यानात येते ती मला तात्त्विक दृष्ट्या मोठ्या मोलाची वाटते. दाब ही पंपाच्या मालकीची वस्तू नव्हे. तो पंप आणि अडथळा यांच्या भेटीत उत्पन्न होतो, आणि अडथळाच नसेल तर जगातील सर्वांत बलवान पंपही केवळ पाणी ओतणारा ठरतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीस अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव अशी पाच कारणे लागतात असे सांगून, केवळ स्वतःलाच कर्ता मानणाऱ्याची गणना दुर्मतींत केलेली आहे. 15 चा आकडा मिरविणारे खोके हे त्या दुर्मतीचे छापील उदाहरण होय.

हा सारा विचार सुचण्यास निमित्त झाले ते घोलवडच्या एका इराणी स्नेह्यांचे यंत्र. त्यांची चिकूची वाडी आहे, आणि इराणी घराच्या रीतीप्रमाणे त्यांच्याकडे अंमल चहाचा; परंतु परदेशी शिकून आलेल्या मुलीने हे यंत्र घरात आणले, चिकमंगळूरची कॉफी मागविली, आणि साठी उलटलेल्या गृहस्थांना नव्या धर्माची दीक्षा दिली. (येमेनातील सूफी रात्रीच्या नामस्मरणात झोप येऊ नये म्हणून कॉफी पीत आणि चिकमंगळुरात तिचे बी बाबा बुदन या फकिराने आणले अशी परंपरा असल्यामुळे, दीक्षा हा शब्द येथे अगदीच अस्थानी नाही.) काही महिन्यांनी त्या कॉफीची चव एकाच घोटात कडू आणि आंबट अशी दुहेरी लागू लागली. याचे कारण जाणते सांगतात ते असे: दाब प्रमाणाबाहेर गेला की पाणी पुडीच्या थरातून सारखे झिरपत नाही, जेथे थर किंचित् भुसभुशीत असेल तेथे ते वाट फोडते आणि त्याच वाटेने धावते. त्या वाटेवरची पूड अतोनात धुतली जाऊन कडवट अर्क उतरतो, आणि बाजूची पूड जवळजवळ कोरी राहून आंबट रस तेवढा देते. शिवाय एका मर्यादेपलीकडे दाब वाढविला तर थर इतका आवळून बसतो की पाणी वाढण्याऐवजी घटू लागते. अधिक जोर आणि कमी फळ हा न्याय येथे नळीत आणि पेल्यात प्रत्यक्ष पाहावयास मिळतो.

यंत्र पाहावयास आला तो तलासरीकडचा एक वारली तरुण. आय. टी. आय. शिकलेला, वाड्यांवरच्या मोटारी आणि ठिबक सिंचन दुरुस्त करणे हा त्याचा व्यवसाय, आणि कॉफीचे यंत्र त्याने पूर्वी कधी उघडलेले नव्हते. दाब तपासण्याची रीत सोपी आहे, पण धीराने करावयाची आहे. पूड भरावयाच्या दांड्याच्या गाळणीतील छिद्रांची वाटी काढून तिच्या जागी बिनछिद्रांची वाटी बसवावयाची, खालची चोच फिरवून काढावयाची, तेथे दाबमापक आटे धरून घट्ट करावयाचा, आणि दांडा यंत्राला लावून पंप सुरू करावयाचा. पाण्याला आता पुढे जाण्यास कोठेच वाट नाही. काटा थरथरत चढला, 13 ला जाऊन टेकला, आणि त्याच क्षणी यंत्राच्या पाठीमागे परतीच्या नळीतून टाकीत पाणी पडल्याचा बारीक आवाज येऊ लागला. झडप उघडत होती, पण फार उशिरा उघडत होती. तरुणाने पंधरावीस सेकंदांत पंप बंद केला, कारण असा अडवून धरलेला पंप लवकर तापतो; दाब पुरता उतरू दिला, कारण तसे न करता दांडा काढला तर उकळते पाणी हातावर उडते; मग यंत्राची वायर भिंतीतून काढली, यंत्र निवू दिले, वरचे झाकण उघडले, आणि झडपेच्या डोक्यावरचा षट्कोनी खाचेचा स्क्रू एलन चावीने पाव फेरा सैल केला. पुन्हा मापन, पुन्हा पाव फेरा. स्क्रू आवळला की आतली स्प्रिंग दडपते आणि झडप उशिरा उघडते; सैल केला की लवकर. क्रिया एवढीच.

‘‘शेठ, हा तर बायपास आहे,’’ स्क्रूवरून नजर न काढता तो म्हणाला. ‘‘ठिबकच्या पंपाला असतो ना, तसाच. पंप देतो तेवढं देऊ दे. वाडीला हवं तेवढं वाडीला, बाकीचं विहिरीत परत.’’

‘‘ते ठीक, दीकरा, पण नऊच पाहिजे होते तर पंधराचा पंप मला विकला कशाला? नऊचाच द्यायचा.’’

‘‘नऊचा पंप नऊला दमतो, शेठ. काटा नऊ दाखवील, पण पाणी येणार नाही. पंधराचा असला तर नऊला आरामात पाणी देतो.’’

हे उत्तर यंत्रशास्त्राच्या दृष्टीने तर बिनचूक आहेच. ज्या पंपाची परमावधीच 9 आहे तो 9 ला पोहोचेल तेव्हा त्याचा प्रवाह शून्य झालेला असेल. परंतु मला ते नीतिशास्त्राच्या पुष्कळ ग्रंथांहून नेमके वाटले. संयमाला आधी आधिक्य लागते. ज्याच्यापाशी 15 आहेत त्याने 9 वर थांबणे हा संयम; ज्याच्यापाशी 9 सुद्धा मोठ्या मिनतवारीने जमतात त्याला 9 वर थांबल्याबद्दल संयमी म्हणणे म्हणजे दुष्काळाच्या खात्यावर उपवासाचे पुण्य जमा करणे होय.

या दृष्टीने मिताचा उपदेश ज्या ज्या स्थळी झाला आहे ती स्थळे एकदा तपासून पाहण्यासारखी आहेत. अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही, असे गीतेच्या सहाव्या अध्यायात ज्याला सांगितले आहे तो अर्जुन राजपुत्र आहे. त्याच्या ताटाची चिंता त्याला कधी पडलेली नाही. बुद्धाने वीणेच्या तारेचा दृष्टान्त ज्याला दिला तो सोण कोळिविस अशा श्रीमंत घरचा, की त्याचे तळवे कधी खडबडीत भुईला लागले नव्हते. प्रव्रज्या घेतल्यावर चंक्रमण करता करता पाय रक्तबंबाळ होईपर्यंत त्याने तप चालविले, तेव्हा तार फार ताणू नये आणि फार सैलही सोडू नये असे त्याला सांगावे लागले. अॅरिस्टॉटल 10 फार आणि 2 थोडे असतील तर 6 हे मध्यम असा गणिताचा हिशेब प्रथम मांडतो आणि लगेच मोडतो, कारण मायलो हा मल्ल समोर असेल तर 6 मापे अन्न त्याला अपुरे पडेल आणि नवशिक्याला जड होईल. त्याचे मध्यम मनुष्यागणिक वेगळे आहे. आमच्या स्नेह्यांच्या पूर्वजांचा जो जरथुष्ट्री धर्म, त्याच्या नवव्या-दहाव्या शतकांत संकलित झालेल्या दीनकर्द या पहलवी ग्रंथात तर धर्माचे सारच प्रमाणबद्धतेत पाहिलेले असून, प्रमाणाच्या दोन्ही बाजूंच्या गोष्टी, म्हणजे आधिक्य आणि न्यूनता, दुष्ट शक्तीच्या पक्षात घातलेल्या आहेत. आधिक्याची निंदा सर्वच धर्म करतात. न्यूनतेलाही पाप ठरविण्याचे धैर्य थोड्यांनीच दाखविले आहे, आणि त्यात या धर्माचा क्रम मी वर लावतो. (याच डहाणू तालुक्यातील बहरोट डोंगराच्या गुंफांत, पारशांचे संजाण शत्रूच्या हाती पडल्यानंतर, त्यांचा पवित्र अग्नी बारा वर्षे लपवून ठेवला होता असे ‘किस्से-संजाण’ सांगतो. ज्यांनी तो तेथे जोपासला त्यांना अग्नी अति झाला तर धूर दिसून घात आणि उणा झाला तर धर्मच विझला, अशा दुहेरी धाकात प्रमाणाचा अर्थ मला वाटते ग्रंथावाचूनही कळला असेल.)

आता ही परंपरा आपल्या घरी कोणत्या रूपाने आली आहे ते पाहावे. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हे वाक्य आपण ऐकत लहानाचे मोठे झालो. ते ज्याच्यापाशी बारा हात गादी आहे त्याला उद्देशून म्हटलेले मी तरी ऐकलेले नाही. ते नेहमी आखूड अंथरुणाच्या मालकाला सांगतात, आणि अंथरूण आखूड कोणी केले हा प्रश्न त्या वाक्यात उत्पन्नच होत नाही. ‘अति तेथे माती’ हीसुद्धा बहुधा वरून खाली उच्चारली जाते. म्हणजे ज्या उपदेशाचा जन्म राजपुत्र, श्रेष्ठिपुत्र आणि मल्ल यांच्यासाठी झाला तो उतरत उतरत ज्यांच्यापाशी उतरण्याजोगे काहीच नाही त्यांच्या दारी येऊन थांबला. दाब पंपाचा, आणि मर्यादेचा पाठ पुडीला.

तलासरीच्या भूमीत हा पाठ फार दिवस शिकविला गेला. तो मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात मोडे. 1960 च्या भाषावार विभागणीत उंबरगाव गुजरातेत गेले आणि तलासरी महाराष्ट्रात राहिली. तेथल्या जमिनी ज्यांनी कसल्या त्या वारल्यांच्या हातून त्या कर्जापायी आणि कागदांच्या करामतीने गेल्या, आणि मग त्याच जमिनीवर वेठ आली. लग्नासाठी काढलेल्या थोड्या रुपयांपायी नवरा-बायको दोघेही धनकोच्या घरी राबत आणि ते कर्ज कधीच फिटत नसे. त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. हे कोणा प्रचारकाचे आरोप नव्हेत. सायमिंग्टन या आय. सी. एस. अधिकाऱ्याने मुंबई सरकारला सादर केलेल्या अहवालात 1930 नंतरच्या दशकाअखेरची ही स्थिती सरकारी दप्तराच्या कोरड्या भाषेत नमूद आहे. त्या सावकार-जमीनदारांत हिंदू होते, मुसलमान होते, पारशी-इराणी होते. त्यांपैकी प्रत्येकाच्या धर्मात आधिक्याचा निषेध होता, प्रत्येकाच्या घरी त्या धर्माचे पठण होत असावे, आणि तरीही वारल्याने पायरी ओळखून राहावे हे मत या सर्वधर्मीय मंडळींत निर्विवाद होते.

23 मे 1945 रोजी झरी गावात किसान सभेच्या लाल बावट्याखाली सुमारे 5000 वारली जमले आणि त्यांनी ठरविले ते थोडक्यात असे, की वेठ करावयाची नाही आणि रोख 12 आणे रोज मिळाल्याखेरीज जमीनदाराच्या शेतावर पाऊल ठेवावयाचे नाही. पावसाळा सरल्यावर गवतकापणीचा हंगाम आला. 500 पौंड गवतामागे अडीच रुपये हा दर मागितला गेला, आणि तो मिळेना तेव्हा विळे खाली ठेवले गेले. 10 ऑक्टोबरला तलवाडा येथे पोलिसांनी जमावावर गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड आणि आणखी चौघे ठार झाले. पाठोपाठ पुढाऱ्यांवर जिल्हाबंदीचे हुकूम निघाले. त्या पुढाऱ्यांपैकी एक असलेल्या गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या 1970 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात ही हकिगत लिहून ठेवली आहे. घोलवडच्या त्या ओटीवर आम्ही तिघे बसलो होतो, त्यांपैकी दोघांच्या घरी 1945 ची कथा सांगितली जाते, आणि ती एकच कथा नाही.

त्या संपाकडे मी आता बिनछिद्रांच्या वाटीवरून पाहतो. जोवर छिद्रे मोकळी होती, जोवर वारली वाकत होता आणि पाणी वाट काढीत होते, तोवर दाब किती आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते; देणाऱ्याला नाही, आणि मोठ्या अंशी घेणाऱ्यालाही नाही, कारण जन्मापासून जे अंगावर आहे त्याला मनुष्य आपले वजन समजतो. वाट पूर्ण बंद झाली, गवत माळावर उभे राहिले, तेव्हा काटा चढला आणि खरा आकडा उघड्यावर आला. तलवाड्याचा गोळीबार हे त्या मापनातले वाचन होय. झडप आवळलेली आहे हे समजावयास अडविल्यावाचून मार्ग नसतो, आणि ती सैल करावयाची तर तेही अडवूनच करावे लागते. मोकळ्या वाहत्या पाण्यावर झडपेचा स्क्रू लावू पाहणारा मिस्त्री माझ्या पाहण्यात नाही. सत्तेच्या मर्यादेविषयी धर्मग्रंथांनी आकडा सांगितला, यात संशय नाही. परंतु तो आकडा मुक्रर होतो तो नकाराच्या समोर, प्रवचनाच्या समोर नव्हे. वेठ आणि लग्नगडी ही पिढीजात चाल प्रवचनांना पुरून उरली होती. त्या उठावापुढे ती टिकली नाही.

येथे कोणी म्हणेल, की पुडीला काही धर्मच नाही काय? आहे. पूड फार जाड दळली तर अडथळाच उरत नाही, पाणी सरसर निघून जाते, झडप उघडण्याचा प्रसंगच येत नाही आणि पेल्यात गढूळ पाणी तेवढे पडते. फार बारीक दळली तर थेंबही उतरत नाही. दळण, दाबणी, थराची समता ही सारी पुडीच्या बाजूची कर्तव्ये आहेत आणि त्यांवाचून नऊ बारही व्यर्थ आहेत. तथापि या दोन धर्मांत क्रम आहे, आणि तो उलटा केला की सारेच बिघडते. झडप 13 वर ठेवून दळण बदलीत बसणारा मनुष्य एकदा जाड, एकदा बारीक असे करीत पिशव्याच्या पिशव्या संपवितो आणि अखेर कॉफीला नावे ठेवतो. बी हलके आहे, भाजणी बरोबर नाही, जातच वाईट. आधी झडप, मग दळण, ही जाणत्यांची रीत आहे. वारली आळशी आहे, व्यसनी आहे, उद्याची फिकीर करीत नाही, असे लिहिणारे आणि बोलणारे पुष्कळ झाले. त्यांपैकी काहींच्या निरीक्षणात तथ्यांशही असेल. पण त्यांनी झडपेला हात न लावता दळणाची परीक्षा केली होती, आणि तशी परीक्षा कोणत्याही दरबारात ग्राह्य धरली जाऊ नये.

धर्मशास्त्राच्या अंगाने पाहता झडपेचा नियम कोणत्या जातीचा, हाही प्रश्न मला मनोरंजक वाटतो. मीमांसकांनी विधींचे प्रकार करताना परिसंख्या म्हणून एक प्रकार सांगितला आहे. पाच नख्यांच्या प्राण्यांपैकी अमुक पाचच भक्ष्य आहेत असे वचन आले तर त्याचा अर्थ ते पाच खाच असा नव्हे; त्यांखेरीज इतर खाऊ नका एवढाच. वरवर आज्ञा, आत निषेध. झडप तशीच आहे. ती पंपाला ‘9 दे’ असे फर्मावीत नाही. त्याने 3 दिले, 5 दिले, तरी ती मुकाट असते. 9 च्या पुढे मात्र ती वाट बदलते, आणि जे पुढे गेले असते ते पाणी जेथून आले त्या टाकीत परत जाते. सांडत नाही, साठविले जात नाही, आणि दान म्हणूनही कोठे नोंदले जात नाही. श्रीमंताच्या वाढाव्याची इतकी निरहंकार व्यवस्था मी कोणत्याही धर्मादाय संस्थेच्या दप्तरात पाहिलेली नाही.

राहता राहिला पुण्याचा प्रश्न, आणि तो खरोखर अवघड आहे. स्प्रिंगेने आवरलेला पंप संयमी म्हणावयाचा काय? कुळकायद्याने आणि किमान वेतनाच्या कायद्याने, दोन्ही 1948 सालचे, ज्याचा हात धरला त्या जमीनदाराने अन्याय केला नाही यात त्याचे सुकृत कोणते? गांधीजींनी विश्वस्तवृत्तीची कल्पना मांडली ती याच अडचणीतून. धनिकाने आपले आधिक्य आपण होऊन समाजाचे मानावे, म्हणजे मर्यादाही राहील आणि पुण्यही. कल्पना थोर आहे. परंतु पंपाच्या आत पंपाने स्वतः घडविलेली झडप मी अद्याप पाहिलेली नाही, आणि रचणाऱ्याने ती बाहेरून बसविली म्हणून पेल्यातल्या कॉफीची चव उणावल्याचेही कधी ऐकिवात नाही. ज्याच्यावर दाब पडावयाचा त्याच्या दृष्टीने पंपाला पुण्य लागले की नाही हा प्रश्न दुय्यम आहे. पंपाच्या दृष्टीने तो मुख्य असेल, तर त्याने तो आपल्या अवकाशाने सोडवावा. मात्र झडप एकदा बसविली म्हणजे कायमची निश्चिंती झाली असेही नाही. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी क्षारयुक्त. त्याचा थर झडपेच्या बैठकीवर बसतो, स्प्रिंग उघडझाप विसरते, आणि काही वर्षांत 9 ची झडप कोणालाही न सांगता 12 ला उघडू लागते. कायद्यांचेही असेच होते, हे तलासरीच्या कचेरीत जमिनीच्या दाखल्यासाठी खेटे घातलेल्या कोणालाही सांगण्याची आवश्यकता नाही.

त्या दिवशी तरुणाने काटा 10 वर आणून हात थांबविला. 9 वर का नाही, असे स्नेह्यांनी विचारले तेव्हा त्याने सांगितले, की वाट बंद असताना जेवढे दिसते त्याहून चालू पाण्यात सुमारे एक किलो कमी भरते. ठिबकच्या नळ्या उघडल्या की काटा खाली येतो तसेच. मग झाकण बसले, छिद्रांची वाटी परत गाळणीत गेली, आणि पहिला पेला काढला तो अवघ्या 15 सेकंदांत भरून सपक निघाला, कारण 13 बारांच्या काळात पूड त्या जोराला साजेशी जाड करून ठेवलेली होती. स्नेह्यांनी दळणयंत्राची खूण दोन घरे बारीककडे सरकविली आणि पुन्हा पूड काढावयास घेतली.